भाजलेला लाल भोपळा : आधी पाणी, मग रंग, शेवटी चिंच-गूळ

लाल भोपळा न आवडणाऱ्या माणसाला कारण विचारलं तर भोपळ्याच्या चवीबद्दल तो फारसं काही बोलत नाही. भाजी गिच्च होते, पानात पाणी सुटतं, नुसतीच गोडमिट्ट लागते, एवढंच सांगतो. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. भोपळ्याच्या गरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कढईत फोडणी करून फोडी टाकल्या आणि वर झाकण ठेवलं की ते पाणी बाहेर येतं आणि फोडी त्याच पाण्यात शिजत राहतात. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. शंभर अंशांत भोपळा मऊ होतो, पण खरपूस होत नाही. मग चव यावी म्हणून आपण गूळ वाढवतो, गुळाने आणखी पाणी सुटतं, आणि भाजीचं गरगट होतं.

भाजण्याची सगळी किमया इथेच आहे. उघड्या, कोरड्या, कडक उष्णतेत पाणी वाफ होऊन निघून जातं, फोडीतली साखर एकवटते, कडांना तांबूस डाग पडतात आणि भोपळ्याला स्वतःची चव येते. त्या चवीवर चिंच, गूळ, तिखट आणि मेथीची फोडणी चढवली की ताटाच्या डाव्या बाजूला शोभेल असं एक आंबट-गोड-तिखट तोंडीलावणं तयार होतं. ते वरणभाताबरोबर चालतं, ज्वारीच्या भाकरीबरोबर चालतं आणि डब्यातही टिकतं. या पदार्थात सामानापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी घालवायचं, मग रंग आणायचा, आणि चिंच-गूळ शेवटी. हा क्रम मोडला तर उत्तम भोपळाही वाया जातो.

आणि याचा खरा हंगाम आश्विन-कार्तिकाचा. पावसाच्या सुरुवातीला टोकलेला वेल साडेतीन-चार महिन्यांत जून फळं देतो. मुरबाड-शहापूरच्या बाजूला बांधावर, परसात, गोठ्याच्या छपरावर हे वेल चढलेले दिसतात. कल्याणचं लक्ष्मी मार्केट, डोंबिवलीची उर्सेकरवाडी, ठाण्याचा जांभळी नाका, कुठेही बघा, या दिवसांत भोपळ्याचे आडवे ढीग आणि शेजारी कापलेल्या केशरी फोडी असतातच. घरातही तो वरचेवर येतो. भाद्रपदात ऋषिपंचमीच्या भाजीत, पितृपक्षात श्राद्धाच्या पानात, आणि नवरात्रात उपासाला चालतो म्हणून. तेव्हा एक जून भोपळा चांगला भाजता येणं हे या दोन महिन्यांत फार उपयोगाचं कसब आहे.

निवड

कोवळा भोपळा या कामाचा नाही. कोवळ्या फळात पाणी जास्त आणि पीठ-साखर कमी. कितीही भाजा, तो आक्रसतो आणि चिवट होतो. आपल्याला जून फळ हवं. साल चकचकीत नसावी, निबर आणि किंचित धुरकट असावी. देठ वाळून लाकडासारखा झालेला असावा. नख रुतलं नाही तर फळ जून झालं असं समजायचं. आकाराच्या मानाने जड असलेलं फळ घ्यावं. हलकं असलं तर आत पोकळी मोठी, गर पातळ.

आपल्याकडे चौकोनी कुटुंबाला अख्खा भोपळा कुणी घेत नाही, फोडच घेतात. त्यात एक सोय आहे, आतलं दिसतं.

‘‘मावशी, जून आहे ना?’’
‘‘नख लावून बघा ताई. आणि बी बघा, कशी टच्च भरलीय.’’

बी बघायची ही खूण अगदी खरी आहे. बिया पांढऱ्या, चपट्या आणि लिबलिबीत असतील तर फळ वेळेआधी तोडलेलं असतं. बिया फुगीर, टणक आणि कडेला पिवळट असतील तर ते वेलावरच जून झालेलं. गराचा रंग फिकट पिवळ्याऐवजी गडद केशरी हवा. कापलेल्या बाजूवर पाणी साचलेलं नसावं आणि मधल्या तंतूंचं जाळं विरघळल्यासारखं दिसू नये. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलेल्या फोडीला आतून घाम आलेला असतो, ती शक्यतो टाळावी. समोर कापून घ्यावी हे उत्तम.

तोडल्यावर काही आठवडे कोरड्या, हवेशीर जागी राहिलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो, कारण गरातल्या पिठाची हळूहळू साखर होत असते. पूर्वी घरोघरी माळ्यावर भोपळे ठेवत, त्यात साठवण होती तशी चवही होती. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मात्र फार दिवस ठेवू नये. देठाजवळ मऊ पडायला लागला की लगेच वापरावा. कापलेली फोड बिया आणि तंतू काढून, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर चार दिवस निभावते.

चिरणं

विळ्या-भोपळ्याचं सख्य मराठीत काही उगाच आलेलं नाही. जून भोपळ्याची साल पातं अडवते, आणि अडलेलं पातं घसरतं. अख्खं फळ आणलं असेल तर पाटाखाली ओलं फडकं अंथरावं म्हणजे पाट सरकत नाही. आधी देठाकडची चकती उडवून सपाट बाजू करून घ्यावी, फळ त्यावर उभं ठेवावं आणि शिरांच्या मधल्या खोलगट रेषेत जड सुरी घालून खाली दाबत न्यावी. करवतीसारखी पुढे-मागे ओढू नये. अनेक मराठी घरांत अख्ख्या भोपळ्याला पहिला काप पुरुषाने द्यायचा, बाईने नाही, असा रिवाज आहे. त्यामागची भावना बळी देण्याच्या कल्पनेशी जोडलेली आहे. रिवाज पाळा, न पाळा, पहिल्या कापाला जोर लागतो एवढं खरं.

चार जणांच्या तोंडीलावण्याला पाऊण किलोची फोड पुरते. बिया, तंतू आणि साल काढल्यावर सहाशे ग्रॅमच्या आसपास गर उरतो, आणि भाजल्यावर त्याचंही वजन चांगलंच घटतं. ही घट बघून घाबरू नये, तीच आपल्याला हवी आहे. साल काढायची की ठेवायची हा आवडीचा प्रश्न. पातळ सालीच्या भोपळ्याची साल भाजल्यावर खाता येते आणि फोडींचा आकारही धरून ठेवते. निबर, जाड साल काढलेलीच बरी. विळीवर फोड उभी धरून साल तासणं सोपं जातं, सोलाणं जाड सालीला दाद देत नाही.

फोडी इंच-सव्वा इंचाच्या हव्यात, आणि सगळ्या सारख्या. एवढी एक गोष्ट काटेकोरपणे करावी. लहान-मोठ्या फोडी एकाच ताटात भाजल्या तर लहान करपतात आणि मोठ्या आतून कच्च्या राहतात. अर्ध्या इंचाच्या फोडी करायचा मोह टाळावा, त्या रंग येण्याआधीच सुकून जातात. चिरून झाल्यावर फोडी धुवायच्या नाहीत. धुणं चिरण्याआधी. ओल्या फोडीवरचं पाणी वाफ होण्यातच पहिली दहा मिनिटं जातात.

भाजणं

ओटीजी असेल तर वरचा-खालचा असे दोन्ही रॉड लावून २२० अंशांवर तो आधी पंधरा मिनिटं तापू द्या. थंड भट्टीत ठेवलेला भोपळा तापमान वर चढेपर्यंत वाफाळतो आणि तेवढ्यात मऊ होऊन बसतो. फोडींवर दोन मोठे चमचे तेल, पाऊण चमचा मीठ आणि पाव चमचा हळद घालून हाताने चोळा, आणि लगेच भट्टीत घाला. मीठ लावून बाजूला ठेवू नका. मीठ पाणी ओढून काढतं आणि फोडी भट्टीत जाण्याआधीच ओल्या होतात. तेलात काटकसर करू नये. फोडीचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि ताटाला तो जेमतेम काही ठिकाणी टेकतो. मधल्या फटी तेल भरून काढतं, म्हणून उष्णता सगळीकडे सारखी पोचते. भोपळ्याला केशरी करणारं कॅरोटीनही पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. ताटात उरलेलं तेल शेंदरी झालेलं दिसतं ते त्यामुळेच, आणि ते टाकायचं नसतं.

फोडी ताटात एका थरात आणि एकमेकींपासून बोटभर सुटलेल्या हव्यात. बहुतेक घरी सगळं फसतं ते इथेच. ठाणे-डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातला ओटीजी लहान असतो आणि सहाशे ग्रॅम फोडी एका ताटात दाटीने मावतात. पण दाटी झाली की एका फोडीची वाफ शेजारच्या फोडीला लागते, भट्टीत भाजणं न होता उकडणं होतं, आणि कढईतली गिच्च भाजी भट्टीत बनते. जागा नसेल तर दोन वेळा भाजा. वेळ जास्त जातो, पण पदार्थ हाती लागतो.

पहिली वीस मिनिटं दार उघडू नये. वीस मिनिटांनी उघडलं की वाफेचा झोत तोंडावर येतो, म्हणून आधी फट ठेवून थांबावं. आत बघा : फोडींचा रंग अजून फिकटच असेल, पण वरची चकाकी गेलेली असेल आणि पृष्ठभाग कोरडा, किंचित सुरकुतलेला दिसेल. हाच मधला टप्पा. पृष्ठभाग ओला होता तोवर सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत होती. तो कोरडा झाला की त्याचं तापमान शंभराच्या वर चढू लागतं. एकशे चाळीसच्या आसपास साखर आणि प्रथिनांचे अंश एकमेकांशी रंग धरू लागतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, भाजलेले दाणे यांचा खमंग वास याच क्रियेतून येतो. त्याहून वर गेलं की साखर स्वतःच तांबूस होते. म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत डोळ्यांना काहीच झालेलं दिसत नाही आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत सगळं घडतं. अनेक जण त्या विसाव्या मिनिटाला धीर सोडतात, भोपळा शिजला असं म्हणून बाहेर काढतात. तो शिजलेला असतो, भाजलेला नसतो.

आता उलथन्याने फोडी एकदाच उलटा. खालची बाजू ताटाला चिकटली असेल तर ओढू नका, दोन मिनिटं थांबा. डाग पुरेसा पडला की ती आपोआप सुटते. उलटल्यावर आणखी बारा ते पंधरा मिनिटं. कडा गडद तांबड्या, कोपरे किंचित काळपट आणि मध्यभागी सुरीचं टोक अडथळ्याविना आत जाणं, ही झाल्याची खूण. काळपट कोपऱ्यांना भिऊ नये. थोडा कडवटपणा पुढे गुळाशी झुंजायला लागतो.

ओटीजी नसला तरी काही अडत नाही. बिडाचा तवा किंवा बिडाची पसरट कढई हे काम फार चांगलं करते, कारण जाड बीड उष्णता धरून ठेवतं आणि थंड फोडी पडल्या तरी पटकन निवत नाही. तवा मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवा, तेल घाला, फोडी एका थरात मांडा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला चर्र आवाज मोठा आणि ओला असतो. पाणी कमी होत गेलं की तो बारीक, कोरडा होतो. तो बदल कानाला कळला की उलटायची वेळ झाली. सगळ्या बाजूंना डाग पडेपर्यंत पंधरा-अठरा मिनिटं लागतात. आतून कच्चं वाटलं तर शेवटी दोनच मिनिटं झाकण ठेवा आणि मग पुन्हा उघडं ठेवून ओल उडवा. नॉनस्टिकवरही जमतं, पण रंग फिका येतो. एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं लागतात, मात्र टोपली अर्ध्याहून जास्त भरायची नाही आणि मध्ये एकदा हलवायची.

विजेचं म्हणाल तर दीड हजार वॅटची भट्टी तासभर अखंड जळली तर दीड युनिट होतं. प्रत्यक्षात ती ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर बंद-चालू होत राहते, त्यामुळे कमीच. प्लग मात्र सोळा अँपिअरचा हवा. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी भट्टी लावणं नको वाटतं, तर सकाळी आंघोळी आटपत असताना भाजून ठेवता येतं. फोडी फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात आणि पुढचं काम दहा मिनिटांचं आहे. कल्याण-कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांतून रात्री आठला घरी पोचणाऱ्या माणसाला ही विभागणी फार सोयीची पडते. लोकलच्या महिलांच्या डब्यात मटार आणि वालपापडी सोलून होते, भोपळा तिथे होण्यासारखा नाही, पण घरी तो आधी भाजून तयार असू शकतो.

चिंच-गूळ का शेवटी

भाजीच्या फोडीला ताठ ठेवतं ते पेशींमधलं पेक्टिन. उष्णतेने ते सुटतं आणि फोड मऊ होते. आंबटात मात्र ते सहजी सुटत नाही. टोमॅटो किंवा चिंच आधी घातलेल्या रश्शातला बटाटा लवकर शिजत नाही, हे रोज स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असतं. भोपळ्याचंही तेच. चिंच आधी लावून भाजलात तर बाहेर काळा आणि आत करकरीत असा भोपळा मिळेल. गुळाचं दुखणं वेगळं. तो पाणी ओढून घेतो, म्हणजे पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा तेव्हाच तो ओला ठेवतो, आणि २२० अंशांत भोपळ्याला रंग येण्याआधी स्वतः करपतो. म्हणून दोघांनाही भट्टीपासून लांब ठेवायचं.

कढईत एक मोठा चमचा तेल तापवा. मोहरी तडतडली की पाव चमचा मेथीदाणे घाला आणि ते तांबूस होईपर्यंतच थांबा. मेथी काळी पडली तर तिचा कडूपणा पदार्थाचा ताबा घेतो, मग ती फोडणी टाकून नवी करणंच योग्य. पाठोपाठ हिंग, कढीपत्त्याची सात-आठ पानं, दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे. आच कमी करून अर्धा चमचा लाल तिखट आणि एक चमचा गोडा मसाला. लगेच एक मोठा चमचा दाट चिंचेचा कोळ, दीड मोठा चमचा चिरलेला गूळ आणि दोन मोठे चमचे पाणी. हे उकळू लागलं की आधी बारीक बुडबुडे येतात, मग ते मोठे, जड आणि सावकाश फुटणारे होतात. उलथनं फिरवल्यावर कढईच्या तळाला क्षणभर वाट राहिली की रस झाला. आता भाजलेल्या फोडी ताटातल्या शेंदरी तेलासकट आत घाला, कढई उचलून दोन-तीनदा हलवा. उलथन्याने ढवळू नका, फोडी मोडतात. एक मिनिटात रस फोडींना धरून बसतो आणि कढईत काही उरत नाही. वर एक मोठा चमचा भाजलेले तीळ आणि तितकंच भाजलेलं सुकं खोबरं किंवा दाण्याचं भरड कूट. कोथिंबीर हवी तर घाला, मला ती इथे आवश्यक वाटत नाही.

मेथीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. भोपळ्याला मेथीची फोडणी ही मराठी स्वयंपाकातली फार जुनी आणि फार शहाणी जोडी आहे. कडूने गोडाचा हव्यास कमी होतो हे तर आहेच. पण मेथीच्या वासाचा मुख्य घटक, सोटोलॉन, हाच न शुद्ध केलेल्या उसाच्या साखरेत आणि जळत्या पाकाच्या वासातही असतो. मेथी आणि गूळ एकमेकांत इतके मिसळून जातात त्याचं कारण हा सामायिक वासच आहे. मेथीच्या लाडवांनाही हाच न्याय. अमेरिकेत शरद ऋतूत भाजलेल्या स्क्वॉशवर मेपल सिरप घालतात, आणि मेपलच्या वासातही सोटोलॉन असतो. दोन खंडांतल्या स्वयंपाकघरांनी एकाच भाजीला एकच वास शोधून दिला याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

आणि भाजी खरोखरच एक आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मुलांकडे गेलेल्या ठाण्या-डोंबिवलीच्या आई-वडिलांना तिथल्या दुकानात लांबट, फिकट पिवळसर सालीचा बटरनट स्क्वॉश दिसतो. तो आणि आपल्याकडचा नेहमीचा लाल भोपळा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीचे, कुकुर्बिटा मोशाटा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा विश्वास’ आणि बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेचा ‘अर्का चंदन’ हे वाणही त्याच जातीतले. म्हणून वरची कृती तिथे शब्द न बदलता चालते, उलट बटरनटची मान भरीव असल्यामुळे फोडी अधिक सारख्या पडतात. भोपळ्याचं मूळ अमेरिका खंडातलंच. पोर्तुगीज जहाजांनी पश्चिम किनाऱ्याशी व्यापार सुरू केल्यानंतर तो, मिरची आणि भुईमूग हे तिन्ही आपल्याकडे आले असं मानलं जातं. ठाणं १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होतं. आज ज्याला आपण अस्सल घरगुती चव म्हणतो, त्यातले हे तीन पाहुणे, आणि ऊस, तीळ, मेथी हे जुने रहिवासी.

चवीचा तोल

सणाच्या पानात वाढलं जाणारं पंचामृत ज्यांनी केलं आहे त्यांना हा तोल समजावून सांगावा लागत नाही. आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात, मीठ कडूपणा मागे ढकलतं, तिखट सगळ्यांना जागं ठेवतं. चाखताना क्रमाने विचार करावा. बेचव वाटलं तर बहुधा मीठ कमी आहे, गूळ नाही. नुसतं गोड लागत असेल तर चिंच. घशाशी आंबट लागत असेल तरच गूळ. भोपळा किती गोड आहे हे भाजल्यावरच कळतं, म्हणून रस करण्याआधी एक फोड खाऊन बघायची आणि गुळाचं माप त्यावर ठरवायचं. चांगल्या जून भोपळ्याला वर सांगितल्याच्या निम्मा गूळही पुरतो.

चिंचेऐवजी कोकणी घरात आमसुलं वापरावीत. त्यांचा आंबटपणा नरम असतो आणि रंग सुंदर येतो. चार-पाच आमसुलं गरम पाण्यात भिजवून तेच पाणी रसात घ्यायचं. सुक्या खोबऱ्याऐवजी मग ओला नारळ. आगरी मसाला घरात असेल तर गोडा मसाला आणि कढीपत्ता दोन्ही वगळा, फोडणीत ठेचलेला लसूण घ्या. पदार्थ पूर्ण वेगळा होतो आणि तांदळाच्या भाकरीबरोबर फार छान लागतो. दोन्ही मसाले एकत्र करू नयेत, एकाचा वास दुसऱ्याला मारतो.

नवरात्राच्या उपासाला हाच भाजलेला भोपळा भरीत म्हणून करतात. हळद वगळून, तेलाऐवजी तूप लावून भाजायचा, गार झाल्यावर काट्याने जाडसर मोडायचा, त्यात घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ आणि चिमूटभर साखर, वरून तूप-जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. उकडलेल्या भोपळ्याचं भरीत तासाभरात पाणी सोडतं. भाजलेल्याचं सोडत नाही, आणि दह्यात धुराचा, खरपूस असा एक अंश उतरतो. दही पूर्ण गार भोपळ्यातच घालावं, नाहीतर ते फाटतं. ज्यांना उपासाला हिरवी मिरची चालते पण कोथिंबीर चालत नाही, किंवा उलट, त्यांनी आपापल्या घराप्रमाणे करावं.

बिया टाकू नयेत. तंतूंतून सोडवून धुवायच्या, फडक्यावर रात्रभर वाळवायच्या आणि भट्टीतून भोपळा निघाल्यावर उरलेल्या उष्णतेत, साधारण १६० अंशांवर, मीठ-तेल लावून पंधरा मिनिटं भाजायच्या. फुगून एखाद-दुसरी तडतडली की काढाव्यात. तिळाऐवजी त्या वरून घालता येतात. पातळ, स्वच्छ साल असेल तर बारीक चिरून तेलावर कुरकुरीत परतायची, तीळ, सुकं खोबरं, तिखट-मीठ घालून तिची कोरडी चटणी होते, दुधीच्या सालीची करतात तशीच.

हे तोंडीलावणं कोमट खावं. कढईतून थेट पानात घेतलं तर गुळाचाच अंमल जाणवतो, दहा मिनिटांनी मेथी आणि गोडा मसाला वर येतात. डब्यात न्यायचं असेल तर पूर्ण गार करून भरा, झाकणाखाली साचलेली वाफ खरपूस कडा पुन्हा मऊ करते. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. तिसऱ्या दिवशी वाटीभर उरलं तर ते कुस्करून दीड वाटी भाजणीत घाला, बारीक चिरलेला कांदा आणि थोडं मीठ घाला आणि पाणी अगदी बेताने वापरून पीठ भिजवा, भोपळ्याची ओल असतेच. त्याची थालीपिठं लावताना मधल्या भोकातून तेल सोडा आणि आच मंद ठेवा, कारण रसातला गूळ तव्यावर लवकर लागतो.